सुटे भाग

विजेच्या गिटारीचा इतिहास झाऱ्यापासून सुरू होतो. हे वाक्य वाचून संगीतातले जाणकार माझ्या अंगावर झारा घेऊनच धावून येतील याची मला कल्पना आहे. पण इतिहासापुढे माझा इलाज नाही. १९३१ साली अमेरिकेत जॉर्ज बीचम नावाच्या, हवाईयन गिटार वाजवणाऱ्या एका गृहस्थानं एक वाद्य बनवून घेतलं. एक गोल चकती आणि तिला लांबच लांब दांडा. पुढच्या वर्षी अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या भागीदारीत ते अ‍ॅल्युमिनिअममध्ये ओतून बाजारात आलं, आणि लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘फ्राइंग पॅन’. पेटंटचा अर्ज गेला १९३४ साली, पेटंट मिळालं १९३७ साली. कचेरीतली फाइल सावकाश चालणं ही काही फक्त आपलीच परंपरा नाही, एवढा दिलासा त्यातून घ्यायला हरकत नाही.

आता या सुखवस्तू वाद्याला विजेची गरज का पडली? गिटार हे मूळचं मवाळ. चार मंडळी जेवत असावीत आणि कोपऱ्यात ते वाजत असावं, एवढाच त्याचा आवाज. पण १९२०-३०च्या सुमाराला तिकडे नाचाच्या मोठमोठ्या बँडांचं पेव फुटलं. एका बाजूला डझनभर पितळी कर्णे आणि दुसऱ्या बाजूला हा एकटा गिटारवाला! वरातीत ढोल-ताशांच्या मागून चालणाऱ्या सनईवाल्याची जी अवस्था होते तीच त्याची झाली. गाल फुगलेले दिसतात, पण ऐकू काही येत नाही.

बीचम यांची युक्ती सोपी होती. गिटारीची तार लोखंडी. तिच्याखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं ठेवायचं. वरची तार थरथरली की वेटोळ्यात वीज उमटते. ती मोठी करून कर्ण्यात सोडायची. हा नियम फॅरेडेनं १८३१ सालीच सांगून ठेवला होता. त्यावर नाचायला लोकांना बरोबर शंभर वर्षं लागली.

हे सगळं पुराण माझ्या वाट्याला आलं ते माझ्या भाच्यामुळे. तो इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे कुठलीही वस्तू विकत घेण्यापेक्षा ती घरी बनवणं जास्त खर्चाचं असतं हे त्याला अजून कोणी शिकवलेलं नाही. त्यानं विजेच्या गिटारीचे सुटे भाग मागवले. एका पेटीत अख्खी गिटार, जोडायची आपण. पत्ता दिला आमचा, मलकापूरचा. आता मलकापुरं महाराष्ट्रात भरपूर. एक बुलढाण्यात, एक कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडीकडे, आणि आमचं हे सातारा जिल्ह्यातलं, कराडला खेटून, पुणे-बेंगळूर रस्त्यावरचं. कुरिअरवाल्यांनी पेटी आधी बुलढाण्याला नेली. पिनकोड नावाची सोय आपल्याकडे १९७२ सालापासून आहे हे त्यांच्या कानावर आलं नसावं. थोडक्यात, वाजण्याआधीच आमच्या गिटारीचं महाराष्ट्रदर्शन झालं.

पेटी उघडली. आत एक धड, एक मान, सहा खुंट्या, तीन पिकअप, पाच स्प्रिंगा, स्क्रूंच्या सात पुड्या आणि एक माहितीपत्रक निघालं. ते पत्रक चिनी माणसानं इंग्रजीत लिहिलं होतं आणि बहुधा चिनी माणसानंच वाचावं अशी अपेक्षा होती. जमिनीवर मान एकीकडे, धड एकीकडे असं मांडलेलं बघून आमच्या सौभाग्यवती दारातूनच म्हणाल्या, “पंचनामा झाला की सांगा, चहा टाकते.”

पण गिटारीची मान धडावेगळी करणं ही काही गंमत नव्हे. त्यामागेही एक माणूस आहे. लिओ फेंडर. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी १९३८ साली यानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यामुळे गिटार कशी ‘असावी’ याबद्दल त्याच्या मनात काडीचा आदर नव्हता. तोपर्यंत गिटारीची मान धडाला सरसानं कायमची चिकटवत. ती वाकली की गिटार कारागिराकडे, आणि गिटारवाला घरी. फेंडर रेडिओवाला. त्याचा हिशेब असा की भाग बिघडला तर भाग बदलावा. त्यानं मान चार स्क्रूंनी धडाला जोडली. १९५० साली ती गिटार ‘ब्रॉडकास्टर’ नावानं आली. त्यावर ढोल बनवणाऱ्या ग्रेच कंपनीनं कळवलं की हे नाव आमच्या ढोलांना आहे. झालं! बारसं रद्द. काही महिने त्या गिटारी बिननावाच्याच विकल्या गेल्या, आणि १९५१ साली ‘टेलिकास्टर’ हे नाव ठरलं. १९५४ साली ‘स्ट्रॅटोकास्टर’ आली. आमच्या पेटीतला माल तिच्याच वळणाचा होता.

फेंडरच्याही आधी, १९४१च्या सुमाराला, लेस पॉल या वादकानं आणखी मोठा आचरटपणा केला होता. त्यानं पाइनच्या लाकडाचा एक चार इंची चौकोनी ओंडका घेतला, त्याला मान आणि पिकअप बसवले आणि तो वाजवायला निघाला. आवाज उत्तम, पण ओंडका घेऊन बसलेल्या माणसाला श्रोते दाद देईनात. मग त्यानं एक पोकळ गिटार मधोमध कापून तिच्या दोन फाका ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना डकवल्या. आवाजात फरक शून्य. टाळ्या मात्र सुरू झाल्या! लोक संगीत डोळ्यांनीही ऐकतात, हे आपल्याकडच्या शालजोडीवाल्या गवयांना मात्र कोणी सांगावं लागलं नाही.

जोडणीच्या दुसऱ्याच दिवशी एक पिकअप मुका निघाला. कराडला नवी वस्तू मिळेना. पण आमचा मुलूख उसाचा. इथे विहिरीवरच्या मोटारी जळतात आणि त्या पुन्हा भरून देणारी रिवायंडिंगची दुकानं हाकेच्या अंतरावर असतात. तशा एका दुकानात गेलो. मालकानं पिकअप उजेडात धरला, दोन्ही टोकांना मीटर लावला आणि म्हणाला, “काका, ही उलटी मोटार हाय. आमच्याकडं वीज घातली की फिरतंय. हितं हाललं की वीज येतीय.” फॅरेडेचं म्हणणं इतक्या थोडक्यात मी शाळेतसुद्धा ऐकलं नव्हतं. आत साधारण साडेसात-आठ हजार वेढे असतात, आणि तार असते जेमतेम ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे डोक्याच्या केसासारखी. त्याच्या नेहमीच्या तारेपुढे हे म्हणजे नांगरटीच्या बैलाला कशिदा काढायला सांगण्यासारखं. पण वेढे शाबूत होते; बाहेरच्या जोडाचा टाका तेवढा सुटला होता. त्यानं भिंग लावून तो डाग दिला, पैसे घेतले नाहीत, आणि वाजायला लागली की ऐकवायला आणा म्हणाला.

मग आलं रंगकाम. आधी पॉलिश पेपरनं धड घासायचं. ८० नंबर, मग १२०, मग २२०, मग ४००. यात आठवडा गेला, आणि घरातल्या पोह्यांनाही लाकडाची चव येऊ लागली. आता रंग कोण मारणार? आमच्या गावचा हायवे गॅरेजांनी भरलेला. तिथल्या पेंटरकडे धड नेलं. यात कमीपणा वाटायचं कारण नाही. खुद्द फेंडरच्या रंगीत गिटारी मोटारीच्याच रंगांनी रंगत. त्यांचा प्रसिद्ध लाल १९५६च्या फोर्ड थंडरबर्डचा, आणि निळा १९५८च्या कॅडिलॅकचा. पुढे एडी व्हॅन हॅलन या पठ्ठ्यानं ५० डॉलरचं धड आणि ८० डॉलरची मान आणून घरी गिटार जोडली, चिकटपट्ट्या लावून तिच्यावर सायकलच्या रंगाचे पट्टे मारले, आणि १९७८ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या रेकॉर्डनं भल्याभल्यांची झोप उडवली. आमच्या पेंटरला यातलं काही सांगावं लागलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, “मागं काय लिहायचं? ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ लिहू?” भाचा नको म्हणाला. पेंटरला वाईट वाटलेलं स्पष्ट दिसलं. दिवस आषाढाचे. दमट हवेत लाखी रंग मारला की वाळताना आत ओल अडकते आणि वर दुधासारखी साय धरते. “पाऊस उघडू द्या,” पेंटर म्हणाला आणि धड खुंटीला टांगून ठेवलं. तीन आठवडे ते तिथे एका जीपच्या दरवाजाशेजारी लटकत होतं.

त्या तीन आठवड्यांत भाच्यानं मला ब्रायन मे याची कथा सांगितली आणि मी त्याला सातारा जिल्ह्याची थोरवी सांगितली. दोन्ही एकच निघाल्या! तो म्हणाला, “मामा, क्वीन बँडचा ब्रायन मे आहे ना, त्यानं शाळकरी वयात वडिलांबरोबर घरीच गिटार बनवली.” १९६३ साली कामाला लागले आणि दोन वर्षं खपले. मान केली जुन्या घराच्या शेकोटीवरच्या महोगनीच्या फळीची. तिला वाळवीसारख्या किड्यानं पाडलेली भोकं होती, ती आगकाड्या ठोकून बुजवली. धडाला जुनं ओकचं टेबल. स्प्रिंगा मोटारसायकलच्या. दांडीच्या टोकाला आईची विणायची सुई, आणि मानेवरच्या खुणांना आईच्याच शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. खर्च सगळा मिळून आठेक पौंड. पुढे क्वीनच्या रेकॉर्डवर जन्मभर तीच वाजली.

“आणि त्या बँडचा गाणारा?” मी विचारलं.

“फ्रेडी मर्क्युरी.”

“त्याचं खरं नाव फरोख बलसारा. शिकला कुठे? पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये. तिथेच १९५८ साली पोरांनी ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, त्यात हा पियानो वाजवायचा. पाचगणी जिल्हा कुठला?”

भाच्यानं सातारा जिल्ह्याकडे प्रथमच आदरानं बघितलं.

तसं बघायला गेलं तर त्या पेटीत आपलं गाव जागोजाग होतं. पेटीवर मानेच्या पट्टीचं लाकूड ‘इंडियन रोझवूड’ असं छापलेलं. म्हणजे आपला शिसव. पूर्वी गिटारवाले ब्राझिलचा शिसव वापरत. १९६०च्या दशकाअखेर तिथून ओंडके बाहेर जाणं बंद झालं, आणि मार्टिनसारख्या नामांकित कंपन्या भारतातल्या शिसवाकडे वळल्या. युरोपातले गिटारवाले ज्या पॉलिशचा अभिमान बाळगतात, ते म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. आपले सुतार ज्याला लाखदाणा म्हणतात तोच. आणि वाजत्या तारेला वीज लावायचं म्हणाल, तर गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो काय करतो? त्याचं नाव अमेरिकन आणि घराणं जपानी. १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारखी बटणं लावून ‘ताइशोगोतो’ बनवलं, ते आपल्याकडे बुलबुलतरंग झालं. मग कोणीतरी त्याला पिकअप लावून कर्ण्याला जोडलं आणि तो बेंजो झाला. लिओ फेंडरला जे कॅलिफोर्नियात सुचलं तेच आमच्या बेंजोवाल्यांनी टेम्पोत बसून केलं. फक्त त्यांच्यावर पुस्तकं निघाली नाहीत.

अखेर पाऊस उघडला, रंग चढला, गिटार जोडून झाली. भाच्यानं तारा चढवल्या, पेटीला वायर लावली आणि पहिला झंकार काढला. खर्र! पुन्हा काढला. पुन्हा खर्र. जणू तारेच्या घशात माशीचं पंख अडकलंय.

याचं कारण मानेवरचे पडदे. हे पडदे कुठे बसवायचे याचं एक जुनं गणित आहे. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेंझो गॅलिली यांनी १५८१ साली सांगितलं, की उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडून पुढचा पडदा ठेवा. आमच्या गिटारीची तार ६४८ मिलिमीटरची. म्हणजे पहिला पडदा ३६ मिलिमीटरवर. बारावा पडतो जवळजवळ निम्म्यावर. हे गणित कारखान्यानं चोख केलेलं होतं. पण बावीसच्या बावीस पडद्यांची उंची एकसारखी असावी लागते. एखादा केसभर वर राहिला तरी तार त्याला घासते. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात; राग बदलला की सरकवता येतात. गिटारीचे पडदे कायम नोकरीतले. एकदा ठोकून बसवले की निवृत्तीपर्यंत हलत नाहीत. त्यांना घासूनच सरळ करावं लागतं. आणि ते घासणं पेटीत नव्हतं. माहितीपत्रकात त्याबद्दल एकच ओळ होती: जरूर पडल्यास जाणकाराला दाखवावे.

जाणकार म्हटल्यावर मला एकच गाव आठवलं. कराड स्टेशनवरून गाडीत बसलो. शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली, आणि मिरज.

मिरजेचा इतिहास असा की तिथे फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ शिकलगार होते. तलवारींना धार लावायची, पाती घासून चमकवायची, हा त्यांचा धंदा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रजांचा अंमल पक्का झाला आणि तलवारी खुंटीला गेल्या. धार लावणाऱ्याच्या हाताला काम उरलं नाही. पटवर्धनांच्या त्या संस्थानात गाण्याची कदर होती. या मंडळींनी बिघडलेली तंतुवाद्यं दुरुस्त करता करता ती बनवायला घेतली. पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. स्वराच्या बाबतीत ते किती काटेकोर होते हे सर्वांना माहीत आहे. अशा माणसाच्या शेजारी तानपुरा बनवायचा म्हणजे रोज परीक्षाच.

तानपुरा तरी काय आहे? सुटे भागच. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, तुणीचं लाकूड दुसरीकडचं, तारा तिसरीकडच्या. जोडणी हुशार माणूस शिकेल. खरं कसब जवारीत. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो अगदी किंचित उतरता असतो. तार त्याला जेमतेम घासत थरथरते, आणि त्या घासण्यातून वरचे स्वर उमलतात. तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती जागा पकडायची. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर निबंध लिहिला. नेहमीच्या तारेच्या नियमानं जे स्वर उमटूच नयेत, ते तानपुऱ्यात का उमटतात हा त्यांचा प्रश्न होता. त्याचं उत्तर मिरजेतले लोक कानसनं देत होते.

आम्ही ज्या दुकानात शिरलो तिथे एक वयस्क कारागीर मांडीवर घोडी घेऊन बसले होते. त्यांना सगळे चाचा म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं. “बसा की. कुठनं आला?” म्हणत त्यांनी गिटार हातात घेतली, एक डोळा मिटून मानेवरून नजर फिरवली, एकदा छेडली आणि हसले.

“आमी खर आणायचं पैसं घेतो, आन तुमी घालवायला आलाय व्हय?”

भाच्याला आधी कळलंच नाही. मी कोपऱ्यातला तानपुरा दाखवला. तारेनं कशाला तरी घासणं हे एका वाद्यात व्यंग आणि दुसऱ्या वाद्यात प्राण! फरक कुठे घासावं आणि किती घासावं, एवढाच. आणि तो फरक मोजायचं यंत्र म्हणजे चाचांचा कान.

चाचांनी चौथ्या आणि अकराव्या पडद्यावर बोट ठेवलं आणि बारीक कानस काढली. काम चालू असताना बोलत होते. इलेक्ट्रॉनिक तानपुरा बेंगळूरच्या राज नारायण यांनी १९७९च्या सुमाराला आणला तेव्हा हे तरुण होते. डबीएवढं यंत्र, बटण दाबलं की झालं. खुंटी उतरत नाही, भोपळा फुटत नाही, गाडीत तिकीट लागत नाही. आता तर डबीही गेली, तानपुरा मोबाइलमध्ये आला. ज्या विजेनं गिटारीला कंठ दिला, तिनंच तानपुऱ्याचं गिऱ्हाईक नेलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चाचांना त्याचा आनंद होता. “नाव ऱ्हाईल,” ते म्हणाले. “हात ऱ्हायला पायजे.” मुलगा पुण्याला नोकरीला आहे. नातू येतो तेव्हा कानसशी खेळतो, म्हणाले, तेवढंच.

मला फरीदसाहेबांची आठवण झाली. तलवार गेली तेव्हा त्या हातांना तानपुरा सापडला होता. आता तानपुरा गेला तर या हातांनी काय धरायचं? जवारीचा कान पेटीत घालून कुरिअरनं पाठवता येत नाही. बुलढाणामार्गेसुद्धा नाही.

तासाभरात गिटार परत आली. भाच्यानं छेडली. स्वच्छ, मोकळा स्वर. तिला विजेची वायर लावायचंही त्याला सुचलं नाही. चाचांनी कोपऱ्यातला तानपुरा ओढला आणि सहज बोटं फिरवली. खोली भरून गेली. भाचा कितीतरी वेळ तसाच बसून राहिला, मग म्हणाला, “चाचा, याचे सुटे भाग मिळतात?”

“मिळत्यात की. भोपळा देतो, दांडी देतो, खुंट्या देतो. जवारी तेवढी हितं बसून शिकाय लागंल.” चाचांनी त्याच्याकडे निरखून बघितलं. “सुट्टी किती दिवसांची हाय?”

भाच्यानं मोबाइलमध्ये बघून सांगितलं, “सात.”

चाचा हसले. पण त्यांनी बाजूची पोत्याची बैठक झटकली, आणि एक अर्धवट घासलेली घोडी त्याच्या हातात दिली.